यादीतून नाव कटते का? नीतिमान ठरण्याच्या खात्रीविषयी नव्या विश्वासणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मागे एका वर्षी पोळ्यानंतर आमच्या मंडळीतला एक नवा भाऊ सलग तीन रविवार उपासनेला आला नाही. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला, ओट्यावर न बसता खालच्या पायरीवरच टेकला आणि चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बराच वेळ गप्प राहिला. पोळ्याच्या करीला तो जुन्या सोबत्यांबरोबर दारू प्यायला होता, आणि तीही बायकोने बचत गटाच्या हप्त्यासाठी डब्यात ठेवलेल्या सहाशे रुपयांची. एवढे सांगून झाल्यावर त्याने जो प्रश्न विचारला, तो त्याच्याच शब्दांत देतो : "भाऊ, वरच्या यादीतून माह्यं नाव कटलं असन न आता?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. कर्जमाफी असो, घरकुल असो की अनुदान असो, यादीत नाव लागणे आणि पुढच्या यादीतून ते गळणे हा आपल्या भागातल्या माणसाचा इतका सवयीचा अनुभव आहे की देवाचा कारभारही तसाच चालत असावा, असे त्याला कोणी न सांगताही वाटते. ज्याने नुकताच विश्वास ठेवला आहे आणि ज्याच्या घरातली निम्मी माणसे अजून त्या निर्णयावर नाराज आहेत, त्याला तर पहिल्याच चुकीनंतर आपण दोन्हीकडून गेलो असे वाटू लागते. पुढे क्रमाने जे सांगितले आहे ते करून पाहायचे आहे. नुसते वाचून त्याचा फारसा उपयोग होणार नाही. मराठी पवित्र शास्त्र, एक वही आणि एक पेन्सिल जवळ घ्यावी आणि एकेका पायरीला निदान एक आठवडा द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून उतारा मोठ्याने वाचून घ्यावा. अशा ऐकणाऱ्यांनाच हा विषय पुष्कळदा लवकर उमजलेला मी पाहिला आहे.

पहिली पायरी : ‘ठरणे’ हा शब्द समजून घ्या

प्रेषित पौलाने इ.स. 57 च्या सुमारास रोम शहरातल्या विश्वासणाऱ्यांना जे पत्र लिहिले, त्यात माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो असे तो सांगतो. मराठी भाषांतरातले ‘ठरणे’ हे क्रियापद येथे फार नेमके आहे. कोर्टात आरोपी निर्दोष ठरतो, तेव्हा न्यायाधीश त्याचा स्वभाव बदलत नाही. तो कायद्यापुढे त्या माणसाची स्थिती काय आहे, एवढे जाहीर करतो. नीतिमान ‘ठरणे’ हे असे न्यायासनावरून आलेले वचन आहे. मनुष्याचा स्वभाव, सवयी आणि जीभ हळूहळू बदलत जाणे हेही देवाचेच काम आहे, पण त्याला पवित्रीकरण म्हणतात, आणि ते आयुष्यभर चालते. या दोन गोष्टी एकमेकींपासून कधीच सुटत नाहीत, तरीही त्या एक नाहीत. नव्या माणसाचा बहुतेक गोंधळ येथेच सुरू होतो, कारण तो पवित्रीकरणाची मंद चाल पाहून नीतिमान ठरण्याच्या निकालावर शंका घेतो.

आपल्याकडे कापसाचा भावही ठरतो, पण तो वेगळ्या रीतीने ठरतो. खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालतो, खालचा कापूस वर काढतो, कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, दिसते का पाहतो, ओलावा मोजण्याचे यंत्र लावतो. ओलावा 8 टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण हमीभाव, त्यावर गेला तर कपात, आणि 12 च्या पुढे गेला तर गाडी परत. पुष्कळ विश्वासणारे देवाला मनातल्या मनात असाच ग्रेडर समजतात आणि दर रविवारी आपल्या आत किती ओल राहिली आहे ते तपासत बसतात. रोमकरांस पत्र, अध्याय 4, वचन 5 काढून पाहावे. तेथे देवाचे वर्णन अधार्मिकाला नीतिमान ठरवणारा असे केले आहे, म्हणजे वाळवून, निवडून, स्वच्छ करून आणलेल्या मालाला भाव देणारा असे ते नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला जकातदार मंदिरात दूर उभा राहून छाती बडवत दयेची भीक मागतो, आणि येशू म्हणतो की तोच नीतिमान ठरून घरी गेला. त्याच्या जकातीच्या वह्या त्या क्षणी सुधारलेल्या नव्हत्या.

येथे कोणी विचारील की मग देवाने पापाकडे काणाडोळा केला काय? केला नाही. आपल्या कोर्टात पुष्कळ आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतात, आणि असा सुटलेला माणूस गावात परतला तरी लोक कुजबुजतच राहतात, कारण गुन्हा झाला नव्हता असे कोणी म्हटलेले नसते, फक्त पुरावा कमी पडलेला असतो. देवापुढे पुरावा कमी पडत नाही. रोमकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायातील 25 व 26 ही वचने सांगतात की ख्रिस्ताच्या रक्ताने प्रायश्चित्त झाले आणि त्यामुळे देव स्वतः न्यायी राहूनही विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. शिक्षा रद्द झाली नाही. दुसऱ्याने ती भोगली. म्हणून हा निकाल दयेने दिलेला असला तरी न्यायावर उभा आहे, आणि उद्या न्यायाधीशाचे मन फिरले म्हणून तो फिरेल अशी भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

दुसरी पायरी : कर्जमाफीचा हिशोब डोक्यातून काढा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर मी दर वर्षी नव्या लोकांबरोबर सर्वांत जास्त वेळ घालवतो.

2008 ची केंद्राची कर्जमाफी, 2017 ची आणि 2019 ची राज्याची, या तिन्ही आपल्या गावांनी पाहिल्या आहेत. 2008 साली पूर्ण माफीला दोन हेक्टरची मर्यादा होती, त्यामुळे आठ-दहा एकर कोरडवाहू असलेला, पण उत्पन्नाने गरीबच असलेला आपला शेतकरी तिच्या बाहेर राहिला. 2019 च्या योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेले आणि 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे कर्ज धरले गेले. म्हणजे प्रत्येक माफीला एक तारीख होती, एक रकमेची मर्यादा होती, आणि माफी मिळाल्यावर सोसायटीतून नव्या हंगामाचे पीककर्ज उचलले की नवा बोजा पुन्हा शेतकऱ्याच्याच डोक्यावर होता.

आता मनाशी प्रामाणिकपणे पाहावे, की तारणाविषयी आपली समजूत हीच आहे काय? बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंतची थकबाकी माफ, त्यानंतरचे खाते ज्याचे त्याने सांभाळायचे, अशी समजूत असलेला माणूस पहिले काही महिने आनंदात जातो आणि मग एका भांडणात, एका खोट्या बिलात, एका बाटलीपाशी त्याचे नवे खाते थकीत होते. पोळ्यानंतर आलेल्या त्या भावाची अडचण हीच होती. जुनी पापे क्षमा झाली यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. प्रश्न त्याला पडला होता तो नव्या सहाशे रुपयांचा.

शुभवर्तमान याहून मोठे आहे, आणि ते दोन बाजूंनी मोठे आहे. एक तर त्याला कट-ऑफ तारीख नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर ज्या पापांचा भार घेतला, त्यांतले तुमचे एकही पाप त्या दिवशी घडलेले नव्हते. तुम्ही जन्मालाच आला नव्हता. जी पापे तुमच्या दृष्टीने भूतकाळातली आहेत आणि जी भविष्यकाळातली आहेत, ती दोन्ही त्या वधस्तंभाच्या दृष्टीने पुढे येणारीच होती. इब्री लोकांस पत्राचा 10 वा अध्याय, 14 वे वचन म्हणते की त्याने एकाच अर्पणाने पवित्र होणाऱ्यांना सर्वकाळचे पूर्ण केले आहे. दुसरे असे की नीतिमान ठरणे म्हणजे खाते शून्यावर येणे नाही. माफीने बाकी शून्य होते, पण शून्य बाकीच्या खात्यावर कोणी बियाणे देत नाही. पौल म्हणतो की ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या नावे गणले जाते; फिलिप्पैकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायातील 9 व्या वचनात तो नियमशास्त्राने मिळवलेले स्वतःचे नीतिमत्त्व बाजूला ठेवतो आणि विश्वासाने देवाकडून मिळणारे नीतिमत्त्व हवे म्हणतो. ख्रिस्ताने आज्ञा पाळल्या, त्या आपल्या जमेला लागल्या.

वहीच्या एका पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे ‘माझ्यावर जे होते’ असे लिहून स्वतःची खरी पापे, नाव घेऊन, लिहावीत. गेल्या आठवड्यातलीही लिहावीत. उजवीकडे ‘माझ्या नावे जे गणले’ असे लिहून फक्त ख्रिस्ताचे काम लिहावे आणि स्वतःचे एकही चांगले कृत्य लिहू नये. हे ऐकायला सोपे वाटते, पण उजव्या बाजूला ‘मी दारू सोडली’ किंवा ‘मी दशांश देतो’ असे लिहिण्याचा हात आवरणे भल्या भल्या जुन्या विश्वासणाऱ्यांना जमत नाही.

तिसरी पायरी : अब्राहामाची तारीख तपासा

रोमकरांस पत्राचा 4 था अध्याय पेन्सिल हातात घेऊन वाचावा आणि जेथे जेथे ‘गणणे’ या अर्थाचा शब्द येईल तेथे खाली रेघ ओढावी. मूळ ग्रीक भाषेत हे क्रियापद या एका अध्यायात 11 वेळा आले आहे. पौलाला ते आपल्या कानात बसवायचे होते, यात शंका नाही.

मग उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळावे. 15 व्या अध्यायातील 6 व्या वचनात अब्राहामाने, तेव्हाच्या अब्रामाने, देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणले गेले. 16 व्या अध्यायाच्या शेवटी इश्माएल जन्मला तेव्हा तो 86 वर्षांचा आहे, आणि 17 व्या अध्यायात सुंतेची आज्ञा होते तेव्हा 99 वर्षांचा. म्हणजे विधी होण्याच्या किमान 13 वर्षे आधी निकाल लागलेला होता. ज्यांचा बाप्तिस्मा घरच्यांच्या विरोधामुळे लांबला आहे आणि ज्यांना त्यामुळे आपण अजून अर्धेच आहोत असे वाटते, त्यांनी या तारखांवर बोट ठेवावे. बाप्तिस्मा टाळण्याची ही सबब नाही. पण जे विश्वासाने आधीच मिळाले आहे त्याची बाप्तिस्मा ही खूण आणि शिक्का आहे.

याच अब्राहामाची पुढची एक गोष्ट पौल येथे सांगत नाही, पण आपण वाचावी. 20 व्या अध्यायात, नीतिमान गणला गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, तो गरारात जिवाच्या भीतीने आपल्या बायकोला बहीण म्हणतो आणि तिला अबीमलेख राजाच्या घरी जाऊ देतो. हे त्याने मिसरातही पूर्वी केले होते. तेच पाप, तीच भीती, तीच युक्ती. देव अबीमलेखाला स्वप्नात बजावतो, अब्राहामाला परक्या राजाकडून चारचौघांत बोलणी खावी लागतात, पण 15 व्या अध्यायातला निकाल कोठेही मागे घेतला जात नाही. उलट देव त्याच अध्यायात त्याला संदेष्टा म्हणतो. मला हा अध्याय वाचताना प्रत्येक वेळी थोडे अवघडल्यासारखे होते, आणि तसे व्हायलाच हवे.

चौथी पायरी : वरचे कोर्ट कोणते ते पाहा

आपल्याकडे कोणी तालुक्याच्या कोर्टात सुटला तरी निर्धास्त होत नाही. समोरचा पक्ष जिल्ह्याला जाईल, तेथून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाईल, तेथूनही दिल्लीला जाईल, आणि निकाल कोणत्याही पायरीवर उलटू शकेल, हे त्याला ठाऊक असते. वरचे कोर्टच उरले नाही, तेव्हा निकाल पक्का होतो.

रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायातील 33 व 34 ही वचने याच भाषेत आहेत. देवाने निवडलेल्यांवर आरोप कोण ठेवील? नीतिमान ठरवणारा देव आहे. दोषी ठरवणारा कोण? ख्रिस्त मेला, उठवला गेला, देवाच्या उजवीकडे आहे आणि आपल्यासाठी मध्यस्थी करत आहे. आरोप करणारा नाही असे पौल म्हणत नाही. सैतान आरोप करतो, भावकी करते, आपले मन तर रात्री दोन वाजता उठून करते. पण ज्याच्यावर अपील होत नाही त्या कोर्टाने निकाल दिला आहे, आणि त्या कोर्टात आपला वकील उजव्या हाताला बसलेला आहे. शेवटच्या दिवशी जो न्याय व्हायचा त्याचा निकाल विश्वास ठेवणाऱ्याला आजच ऐकवला गेला आहे. म्हणून 5 व्या अध्यायाच्या 9 व्या वचनात, आता नीतिमान ठरलो तर पुढच्या क्रोधापासून विशेषच तारले जाऊ, असा पौलाचा युक्तिवाद आहे. योहानाच्या शुभवर्तमानातले 5:24 आणि 10:28-29 याला जोडून वाचावे आणि शक्य तर पाठ करावे, कारण वीज गेलेल्या रात्री पाठ असलेलेच कामाला येते.

पाचवी पायरी : निकाल आणि मनाची भावना वेगळी ठेवा

सोसायटीचे कर्ज फेडले, बेबाकी दाखला हातात आला, तरी सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा तसाच दिसत राहतो, हे कित्येकांनी अनुभवले असेल. दाखला तलाठ्याकडे द्यावा लागतो, फेरफार पडावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करावा लागतो, आणि तोवर उतारा काढणाऱ्याला आपण कर्जदारच दिसतो. कर्ज मात्र फिटलेले असते. पुष्कळ विश्वासणाऱ्यांच्या मनाचा उतारा असाच मागे राहिलेला असतो. देवापुढे नीतिमान ठरणे एका क्षणात घडते. त्याची खात्री मनात उतरायला कोणाला एक रात्र लागते, कोणाला काही वर्षे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे की सुमारे आठ वर्षांनंतर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृतात पारंगत असलेल्या आणि पुढे पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्या बाईंना जर इतका वेळ लागला, तर आपल्यापैकी कोणाला सहा महिन्यांत सगळे स्पष्ट झाले नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

सातबाऱ्याचा हा दाखला एका ठिकाणी मोडतो, तेही सांगितले पाहिजे. महसुली नोंदीत चुका होतात, नावे गळतात, दुसऱ्याच गटाचा बोजा आपल्या उताऱ्यावर चढतो. देवाच्या दप्तरात तसे होत नाही, म्हणून मनात शंका आली की दप्तर तपासायला वर जायचे नसते, मनालाच दाखला दाखवायचा असतो. योहानाच्या पहिल्या पत्राचा 5 वा अध्याय, 13 वे वचन हे त्यासाठीच लिहिले आहे.

कशावरून मोजू नये

आपल्या खेड्यांतून पुष्कळ जण प्रार्थनेने आजार बरा झाल्यावर प्रभूकडे आले आहेत, आणि मी त्याला हसत नाही. पण आजार उलटला, किंवा घरात दुसरेच कोणी अंथरुणाला खिळले, की तेच लोक देवाने आपल्याला टाकले असा निष्कर्ष काढतात. 2017 साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ, अमरावतीकडची कपाशी खाल्ली तेव्हा विश्वासणाऱ्यांचे शेत सोडून अळी पुढे गेली नाही. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायातील 35 व्या वचनात दुष्काळ आणि नग्नता यांची नावे घेऊन पौल विचारतो की या गोष्टी आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळे करतील काय. म्हणजे त्या विश्वासणाऱ्यावर येतात हे त्याने गृहीतच धरले आहे. तेव्हा पीक, तब्येत, स्वप्ने, अंगावर आलेला शहारा, प्रार्थनेत आलेले किंवा न आलेले रडू, यांवरून आपला निकाल वाचू नये. आणि दवाखान्याची गोळी चालू असेल तर ती विश्वास सिद्ध करण्यासाठी कोणीही बंद करू नये.

सहावी पायरी : पाप घडल्यावर काय करावे

सर्वांत आधी, लपून बसू नये. तीन रविवार गैरहजर राहणे हा त्या भावाचा मूळ चुकीपेक्षा मोठा तोटा होता. योहानाच्या पहिल्या पत्राच्या 1 ल्या अध्यायातील 9 व्या वचनाप्रमाणे पाप नाव घेऊन कबूल करावे. ‘प्रभू, काही चुकले असेल तर क्षमा कर’ ही कबुली नव्हे. कबुली देताना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे नसून बापापुढे उभे आहोत हे लक्षात ठेवावे. बाप रागावतो, समजावतो, कधी जेवताना बोलत नाही, पण मुलाचे नाव रेशनकार्डावरून काढायला तहसीलमध्ये जात नाही. 1646 साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या शिकवणीच्या लिखित निवेदनाच्या, 11 व्या अध्यायात हाच भेद केला आहे : नीतिमान ठरलेले त्या स्थितीतून कधीही पडू शकत नाहीत, तरी पापामुळे ते देवाच्या पितृतुल्य नाराजीखाली येऊ शकतात आणि नम्र होऊन कबुली देईपर्यंत त्याच्या मुखाचा प्रकाश त्यांना पुन्हा लाभत नाही.

त्यानंतर ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावे. लूकच्या 19 व्या अध्यायातल्या जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट देण्याचे कबूल केले ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे. येशू आधीच त्याच्या घरी आलेला होता. मंडळीतल्या एका विश्वासू वडीलधाऱ्याला सांगावे, पण साऱ्या गावाला सांगू नये. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याच्या भानगडीत पडू नये.

काही जण येथे म्हणतात की मग तर मोकळे रानच झाले, काहीही करा, नाव तर कटत नाही. असे म्हणणाऱ्याला रोमकरांस पत्राचा 6 वा अध्याय वाचायला द्यावा. पौलाच्याही काळी लोक हेच म्हणत होते. ज्याला पापाचे दुःखच होत नाही, वर्षानुवर्षे काहीच बदलत नाही आणि जो या शिकवणीचा उपयोग फक्त पाठराखणीसाठी करतो, त्याने आपण विश्वास ठेवला होता की फक्त हात वर केला होता, हा प्रश्न स्वतःला विचारावा. याकोबाच्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायाचे म्हणणे हेच आहे. माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृत्यांनी नीतिमान ठरतो असे तो म्हणतो तेव्हा तो ओठावरच्या विश्वासाविषयी बोलत आहे, आणि उदाहरण म्हणून तो अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला नेल्याचा प्रसंग घेतो, जो उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात, म्हणजे 15 व्या अध्यायातल्या निकालाच्या कितीतरी नंतर येतो. आधी लागलेला निकाल खरा होता हे तेथे उघड झाले.

दुसऱ्या मंडळीत वेगळे ऐकू आले तर

विदर्भात एसटीने दोन तास प्रवास केला तरी या विषयावर वेगवेगळी शिकवण ऐकायला मिळते, म्हणून नव्या माणसाला याची पूर्वकल्पना असावी. नागपूरला 1845 मध्ये स्टीफन हिस्लॉप यांनी सुरू केलेले काम स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते, आणि वर सांगितलेले वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र त्याच परंपरेचे आहे. यवतमाळकडच्या फ्री मेथडिस्ट मंडळ्या जॉन वेस्लीच्या परंपरेतल्या. नीतिमान ठरणे केवळ कृपेने आणि विश्वासाने आहे हे त्या ठामपणे मानतात, पण विश्वास सोडून देणारा पडू शकतो असेही शिकवतात. कॅथलिक मंडळीची शिकवण ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी 1547 मध्ये मांडली : नीतिमान ठरण्यात अंतःकरणाचे नूतनीकरणही येते, ते वाढू शकते, आणि प्राणघातक पापाने हरवून पश्चात्तापाच्या संस्काराने परत मिळते. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि 2006 मध्ये मेथडिस्टही तिच्यात सामील झाले. मतभेद सगळे मिटले असे नव्हे, पण एकमेकांना शिव्या देण्याचे दिवस मागे पडावेत एवढे नक्की झाले.

मी वर लिहिले आहे ते पहिल्या परंपरेला धरून आहे, आणि मला ते शास्त्राला धरून वाटते, कारण योहानाच्या 10 व्या अध्यायात मेंढराची पकड मेंढपाळावर नाही, मेंढपाळाची मेंढरावर आहे. पण विश्वासापासून फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, या इब्री लोकांस पत्राच्या 6 व्या अध्यायातल्या इशाऱ्यासमोर माझे मेथडिस्ट मित्र बोट ठेवतात तेव्हा मी तो पान उलटून टाळत नाही. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चालले असताना बाप पोराला ‘पुढे पाऊल टाकलेस तर वाहून जाशील’ असे ओरडून सांगतो, ते खरेच असते, आणि त्या ओरडण्यानेच पोरगा मागे सरतो. देवाचे इशारे त्याच्या मुलांना राखण्याचे साधन आहेत असे मी समजतो. त्याच अध्यायाच्या 9 व्या वचनात लेखक आपल्या वाचकांविषयी चांगल्या गोष्टींची खात्री असल्याचे सांगतो. ज्या माणसाला तो इशारा वाचून कापरे भरते आणि जो ख्रिस्ताकडे धावतो, तो इशारा त्याच्यावर काम करत आहे.

त्या संध्याकाळी पायरीवर बसलेल्या भावाला यातले निम्मेही मी सांगितले नाही. आम्ही अब्राहामाचे दोन अध्याय वाचले आणि प्रार्थना केली. घरी जाऊन त्याने बायकोला सगळे सांगितले, ते सोपे गेले नसावे, कारण पुढच्या रविवारी दोघे आले तेव्हा चटईच्या दोन टोकांना बसले होते. सोयाबीन सोंगणीची मजुरी हातात आल्यावर त्याने सहाशे रुपये डब्यात परत ठेवले. बचत गटाच्या रजिस्टरमध्ये त्या महिन्याचा हप्ता उशिरा भरल्याची नोंद आहे आणि पुढे दहा रुपये दंड लिहिला आहे. तो दंडही त्यानेच दिला.